चिमाजीचे सात कडुनिंब

मला लिहायची सवय नाही, आणि हे नीट उतरेल याची खात्रीही नाही. पण चिमाजी माळ्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

१९७४ साली पिंपरीतल्या आमच्या कामगार वसाहतीजवळच्या सार्वजनिक बागेत तो नगरपालिकेचा माळी होता. थेरगावचा माणूस. त्याने तिथे सात कडुनिंब लावले होते, उन्हाळ्यात डब्याने पाणी घालून जगवले होते. थंडीत पहिल्या शिफ्टवाले कंपनीच्या बसची वाट बघत बागेत शेकोटी करत आणि हाताला येईल ती फांदी मोडत. चिमाजीचं म्हणणं एकच, बागेत जाळ नको. रहिवाशांची सभा भरली. एरवी मी तोंड उघडत नाही; पण भांडण मिटावं म्हणून सुचवलं की फक्त वाळलेलं लाकूड जाळावं. सगळ्यांना पटलं, तसा ठराव झाला. चिमाजीनेही मान हलवली.

पुढच्या दिवाळीपर्यंत सातपैकी पाच झाडं वाळली.

चिमाजीने मला नेऊन दाखवलं. बुंध्याला लिंपलेला चिखल त्याने नखाने खरवडला. खाली साल बुंध्याभोवती गोल काढलेली, म्हणजे झाड उभ्याउभ्या वाळावं अशी; चार बोटं रुंद, लेथवर काढल्यासारखी सरळ. पाचही झाडांना तशीच. हे हात कारखान्यात शिकलेले होते. आम्ही असे कामगार होतो तर.

शेकोटीपाशी आमच्या कंपनीत लेथवर काम करणारा दौलतराव टर्नर हात शेकत होता. चिमाजीने त्याला विचारलं.

"वाळलं ते वाळलं, चिमाजीभाऊ," तो म्हणाला. "ठरावाला तूच मान हलवलीस की. आता तोडून दे, म्हंजी पुण्य लागंल."

सगळे हसले. कुणीतरी मला सरकून जागा दिली. सांगायला लाज वाटते, मी बसलो. ऊबही लागली.

चिमाजीने दोन दिवसांत पाचही झाडं तोडून रचून दिली. मग कोरा कागद घेऊन माझ्या घरी आला. त्याला बदलीचा अर्ज हवा होता, नगरपालिकेच्याच स्मशानभूमीत. लोक तिथे जायला नाही म्हणतात, मी म्हणालो.

"तितं लाकूड जाळायलाच आणत्यात, साहेब," तो म्हणाला. "मला ते वाढवाया लागत न्हाई."

अर्ज मीच लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' असं घातलं.