बेरजेत पहिलं कोणी नसतं

आमच्या बाई कुठलीच बेरीज एकदा करून थांबत नसत. फळ्यावर चार अधिक तीन झालं, उत्तर आलं, की पदर खोचून म्हणायच्या, "आता उलटं!" म्हणून देगलूरजवळच्या आमच्या गावात त्यांचं नाव पडलं उलट्या बाई. त्यांना ते ठाऊक होतं. हजेरी संपली की स्वतःच विचारायच्या, "काय रे, आज उलट्या बाईंना कोण सुलटं करणार?"

फळ्यावर त्यांचा फार भरवसा नव्हता. पोरांनाच अंगणात उभं करायच्या. पुढं चार, मागं तीन. मोजा. आता मागचे पुढं. परत मोजा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरं एरवी कायम मागं उभी राहायची. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नाही. याला गाव मानपान म्हणतं. मी जात म्हणते. बेरजेच्या तासाला मात्र ती पोरं पुढं यायची आणि कोणीतरी ओरडायचं, "बाई, तेवढेच हाईत की!"

"हाव ना? मग पुढं राहायला भांडता कशाला? बेरजेत पहिलं कोणी नसतं."

इथवर गावाला गंमत वाटली. मग बाईंनी हेच खिचडीच्या रांगेला लावलं. आज या टोकापासून वाढायचं, उद्या त्या टोकापासून.

माझे वडील शाळा समितीचे अध्यक्ष. भर दुपारी आले आणि शेवटी उभ्या असलेल्या मला दंडाला धरून पुढं नेलं.

"गणित पाटीवर शिकवा, बाई. पोरं कशाला हलवून राहिलात?"

"पाटीवरचं पुसलं जातं, दादा."

"माणसाची बदलीबी होते."

झालीच. माहूरकडं. निरोपाला गावानं नारळ दिला, आणि तो आधी कोणी द्यायचा यावरून तिथंच भांडण केलं. दुसऱ्या दिवशी रांग जुन्या जागी. आम्ही पोरं आपापल्या पायांनी तिथं जाऊन उभी राहिलो.

आता मी समतेची पत्रकं वाटत गावोगाव फिरते. पत्रकाच्या माथ्यावर बाईंचंच वाक्य असतं. खाली त्यांचं नाव नसतं.

गेल्या थंडीत लातूरच्या आमच्या सभेला बाई आल्या, मागं सतरंजीवर बसल्या. मी धावत गेले. "बाई, पुढं चला ना."

"येते की. पण पुढचं कोण मागं येणार, तेवढं सांग. नुसती मी पुढं आले तर उलटं कसं होईल, पोरी?"

पहिल्या रांगेत मधोमध माझे वडील बसले होते. ती खुर्ची मीच पुसून त्यांना दिली होती. बाईंनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि सतरंजीवर सरकून माझ्यापुरती जागा केली.

मी बसले नाही. माईकवरून माझं नाव पुकारलं होतं. मंचावर गेले आणि समतेवर बोलले, चांगलं बोलले. टाळ्या पहिल्या रांगेतून सुरू झाल्या.