बिनआवाजाचा कॅमेरा

रेवणसिद्धाचा जुना डीएसएलआर कॅमेरा अधूनमधून दगा द्यायला लागला, तेव्हा अशोक चौकातल्या त्या छोट्या स्टुडिओत सगळ्यात जास्त घोर कुणाला लागला असेल, तर तो अप्पांना. अप्पा म्हणजे त्याचे वडील, सिद्धलिंगप्पा. स्टुडिओ त्यांनीच थाटलेला. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तरी माणूस घरी बसेल तर शपथ! रोज सकाळी टोपी घालून मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसायचे आणि दुकानात लाइटच्या शेजारी स्टूल टाकून कान देऊन बसायचे.

आणि कान तरी कसले! कॅमेऱ्याचं 'खटाक' झालं की बसल्या जागेवरून बोलायचे, "रेवण, शटरचा पडदा सावकाश पडला रं. पोरगं हललं असणार, परत घे." बघावं तर पोराचा हात खरंच हललेला. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. रेवणचं मात्र डोकं फिरायचं. चाळिशीला आलेला माणूस, लग्नाच्या मोठमोठ्या ऑर्डरी करणारा, आणि चारचौघांत बाप त्याला हे असं शिकवणार! एकदा वळसंगचं एक कुटुंब फोटोला आलं होतं. अप्पांनी दोनदा टोकलं, तसा त्यातला जावई हसून म्हणाला, "मालक कोण हाय हितं?" रेवणही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात घर करून बसलं.

मग नवा कॅमेरा घ्यायचं ठरलं. रेवणनं व्हिडिओ बघून बघून डोळे लाल करून घेतले, तेव्हा कुठं दोन कॅमेऱ्यांवर गाडी येऊन अडली. दोन्ही बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस. कॅमेऱ्यांच्या दुकानात तो अप्पांनाही घेऊन गेला. पहिल्याचा आवाज बारीक होता, पण होता. अप्पांनी मान तिरकी करून ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला. "नाजूक हाय, पण कळतंय की!"

रेवणनं दुसरा उचलला. अप्पा वाट बघत राहिले. "दाब की."

"दाबलं अप्पा. चार फोटो झाले."

दुकानदार कौतुकानं सांगायला लागला, ह्याच्यात हलणारा पडदाच नाही, पाळण्यातलं बाळसुद्धा जागं व्हायचं नाही. अप्पांनी तिरकी केलेली मान सरळ केली. मग हळूच म्हणाले, "तुला पटतंय ते घे बाबा. मला काय दिसतंय!"

तेव्हाच रेवणला थांबता आलं असतं. पहिला कॅमेरा काही वाईट नव्हता. पण बारशी, भाषणं, झोपलेली बाळं अशी कारणं पुढं करत त्यानं दुसराच घेतला आणि जुना तिथंच बदलीत देऊन टाकला. खरं कारण त्याला पुरतं ठाऊक होतं. आता अप्पांना टोकता येणार नव्हतं.

फोटो झकास यायला लागले, नाही कशाला म्हणा. अप्पा मात्र स्टुलावर बसून नुसतं "झालं का?" विचारायचे, लोक उठून गेले तरी. पुढं तेही विचारेनासे झाले, आणि मग दुकानात यायचेच बंद झाले. रेवणच्या बायकोनं, महादेवीनं, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "डोळे देवानं नेले, कान तुमी नेले की हो त्यांचे!"

 रेवण कॅमेऱ्यांच्या दुकानात पळाला, तर जुना कॅमेरा सुट्या भागांसाठी कधीच खोलला गेला होता. तिथंच कुणीतरी सांगितलं, नव्याला स्पीकरमधून आवाज काढता येतो. रविवारी त्यानं कॅमेरा घरी आणला, आवाज चालू केला आणि अप्पांच्या कानाशी बटण दाबलं. अप्पा हसले. रेवणला हायसं वाटलं. त्यांनी आणखी दोन-तीनदा दाबायला लावलं. मग ते हसू गेलं.

"दर बारीला एकसारखाच वाजतोय रं. ह्याच्यातनं मला काय कळायचं?"

"माझं चुकलं अप्पा. पण उद्यापासून दुकानात या की."

"येऊन काय करू? तू फोटो काढतोयस का नुसता हुबा हायस, ते बी कळत न्हाय."

रेवणनं तो खोटा आवाज बंद केला. अप्पा दाराकडं तोंड करून बोडक्या डोक्यानं बसले होते, चेहऱ्यावर ऊन आलं होतं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांचा फोटो काढला. जुन्याचं खटाक कानावर पडलं असतं, तर नेहमीसारखे डोकं चाचपत ओरडले असते, "आरं, टोपी तर घालू दे!" रेवणनं आणखी एक काढला, मग आणखी एक. अप्पा तसेच बसून राहिले.