कार्डासाठी काढलेले दोन फोटो

मंडळी, आज सकाळी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फाइल घेऊन गेलो होतो. रिपोर्टच्या झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, दोन पासपोर्ट फोटो. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन तीन वर्षं झाली, तरी ही भारतातली सवय जात नाही.

मला एमएस आहे, मज्जासंस्थेचा आजार. पाय असे आखडतात की गाडीचा ब्रेक दाबायची भीती वाटते. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मामेभावालाही हाच आजार. त्याला डॉक्टरच्या शिफारशीवर औषध म्हणून गांजा घ्यायचं सरकारी कार्ड मिळालं, बराच आराम पडला. "अरे, विचारून तरी बघ," म्हणाला. बायको म्हणाली, "फोटो असू देत, ऐनवेळी मागतात."

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. फाइल शेवटपर्यंत चाळली, फोटो पाहिले, मग हळूच म्हणाल्या, "I'm so sorry. असं कार्ड इथे नसतंच."

मी हट्टानं म्हटलं, "मग तुमच्या सही-शिक्क्याचं पत्र तरी द्या."

"माझ्या पत्रानं पोलीस थांबणार नाहीत."

मग त्यांनी ड्रॉवरमधून दुसराच फॉर्म काढला. ब्लू बॅज, अपंगांच्या पार्किंगसाठी. दोन वर्षं मी त्यांना "इतक्यात नको" म्हणत आलोय. आज घेतला.

घरी बायकोनं तो वाचला. फोटो लागणार होतेच. तिनं तेच दोन जोडले. फोटोत मी चक्क हसतोय. काढताना दुसरं कार्ड मिळणार होतं ना.

सगळं भरून झालंय, फक्त सही राहिलीय. तुमच्यापैकी कुणी हा फॉर्म भरलाय? सही करायला किती दिवस लागले?