अंगणातला जिताडा

रत्नागिरीच्या बाजारात गळ, दोर आणि मासे धरायच्या काठ्या विकणारे एक चाचा होते. गिऱ्हाइकाच्या हाती काठी द्यायची, दोराचे टोक स्वतःच्या मनगटाला बांधायचे आणि मासा होऊन ओढायचे, ही त्यांची रीत. त्याशिवाय ते काठी विकत नसत.

अर्धांगवायूने माझ्या वडिलांचा, तात्यांचा, उजवा हात गेला, तेव्हापासून मी त्यांना खाडीवर मासे धरायला जाऊ दिले नव्हते. त्यांनी जेवणच सोडले, तेव्हा नुसती समजूत घालायला मी एक हलकी काठी मागायला गेलो.

"तात्यांचा हात बघितल्याशिवाय कशी देऊ, भाऊ?" म्हणत चाचा काठ्या घेऊन घरी आले.

अंगणात त्यांनी हलकी काठी तात्यांच्या हाती दिली आणि दोर स्वतःच्या मनगटाला बांधला. "तात्या, मी जिताडा. सांभाळा." आणि खरोखरच जोराचा हिसका दिला. तात्या खुर्चीतून पुढे कलले.

"चाचा, हळू," मी म्हणालो.

"तू गप रे," तात्या खेकसले. किती महिन्यांनी मला त्यांचा तो आवाज ऐकायला मिळाला. काठी अधू हाताच्या बगलेत दाबून ते डाव्या हाताने रीळ फिरवू लागले. चाचा फणसापर्यंत पळाले, मागे ओढले गेले आणि धापा टाकत पायरीशी येऊन बसले.

मनगट चोळत ते मला म्हणाले, "ही नको, भाऊ. यांना दणकट लागेल."