धोंड्याचं वाण आणि माझं ग्राफिक्स कार्ड

मी नोकरी साधी सोडली नाही, दार आपटून सोडली. इंटिरियरच्या त्या ऑफिसात सहा वर्षं मी लोकांची न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी केली, आणि एक दिवस साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बटणंच तर दाबायची असतात, त्यात काय एवढं?" माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच दाबा," मी म्हणाले आणि निघाले. इंदिरानगरला घरी पोहोचेपर्यंत राग उतरला होता, पण आता परत कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून हॉलच्या कोपऱ्यात माझं स्वतःचं दुकान सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात पहिलं मोठं काम आलं. एका आर्किटेक्टला बंगल्याची फिल्म हवी होती. फाटकातून आत शिरायचं, दिवाणखाना, जिना, वर गच्ची. बंगला म्हणजे त्या वेळी प्लॉटवर मारलेल्या फक्कीच्या चार रेघा. "पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवी," ते म्हणाले. "नाही जमणार असं वाटलं तर आधी सांगा, तुमच्या जुन्या ऑफिसला देतो." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्या क्षणी मी मनात शपथ घेतली की प्राण गेला तरी चालेल, पण हे काम त्या साहेबांच्या टेबलावर जाणार नाही.

अडचण एकच होती. चित्र तयार करण्याचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर, आणि माझं कार्ड चार वर्षं जुनं. सोमवारी लावलं तर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाने फिल्म शनिवारी पहाटे संपणार होती. मला शुक्रवार हवा होता. म्हणजे कार्डाला त्याच्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग जरासा वाढवायचा, अर्धा तास राबवून बघायचं, टिकलं तर आणखी जरासा. जास्त हाव केली की पडद्यावर रंगीत ठिपके नाचतात, मग पडदा काळा, आणि आपण कपाळाला हात लावून बसायचं. मी हावरट, शिवाय महिना मे. दर चाचणीला काळा पडदा.

उघडून बघितलं तर कार्डावरच्या मेमरीच्या चिपा आणि उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये ज्या मऊ गाद्या असतात, त्यांचा पार भुगा झालेला. त्यांच्या जागी तांब्याच्या सपाट पट्ट्या बसवल्या तर कार्ड खूप गार राहतं, असं वाचलं होतं. आता नाशकात राहून तांब्यासाठी अडून बसायचं म्हणजे हद्द झाली.

नेमका तेव्हा धोंड्याचा महिना लागला. अधिक मास, जावयाला वाण द्यायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे. मखमलाबादच्या पुढे आमचा झेंडूचा आणि कोथिंबिरीचा मळा आहे, आई तिथेच असते. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागच्या धोंड्याला वाण त्यांनीच आणलं होतं, आई एकटीने देणार होती ते हे पहिलंच. मला फोन करून विचारते कशी, "जावईबापूंना चांदीचा दिवा घिऊ का निरांजन?"

"दिवा नको. तांब्याच्या चार पट्ट्या दे."

"पट्ट्या? जावयाला? आन् त्ये काय करतील पट्ट्यांचं?"

"लागतात गं त्याला." साफ खोटं. माझा नवरा कॉलेजात भूगोल शिकवतो. कॉम्प्युटर त्याच्या लेखी हजेरी भरायचं यंत्र. नवऱ्याचं वाण मी दिवसाढवळ्या पळवलं, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. मापं कागदावर काढून फोटो पाठवला: बोटाएवढी लांबी, दीड मिलिमीटर जाडी, अगदी सपाट. आई तो फोटो घेऊन स्वतः भांडी बाजारातल्या तांबटाकडे जाऊन बसली.

रविवारी ती आली. पाटावर जावयाला बसवलं, कुंकू लावलं, तेहतीस अनारशांवर त्या चार पट्ट्या मांडून ताट पुढे केलं. नवऱ्याने पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि मोठ्या तयारीने म्हणाला, "वा! मला हव्याच होत्या." त्याचं लक्ष धोंड्यांच्या पातेल्याकडे होतं.

पट्ट्यांवर नावं होती. आता आपल्याकडे वाणाचं भांडं म्हटलं की नाव घालणारच, तांबटाला ते सांगावंही लागत नाही. एकीवर जावयाचं, एकीवर आईचं, एकीवर 'धोंड्याचं वाण', आणि चौथीवर आण्णांचं. जागा पुरेना म्हणून 'कैलासवासी'चं नुसतं 'कै.' झालं होतं. छिन्नीने एकेक टिंब ठोकून काढलेली नाजूक अक्षरं. मला हसू आलं आणि भरूनही आलं. अक्षरं एवढीशी, त्यांनी काय होतंय, म्हणत मी पट्ट्यांना उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, नावं चिपांकडे केली आणि वर ठोकळा आवळला.

सोमवारी रेंडर, म्हणजे एकेक चित्र तयार करून फिल्म काढणं, सुरू केलं, वेग वाढवून. दोन तासांत काळा पडदा.

मग दोष घरातल्या विजेचाच, असं ठरवून मी घर डोक्यावर घेतलं. मिक्सर बंद. गीझर बंद. इस्त्री? नाव काढायचं नाही. नवऱ्याने पंखा लावला तर त्याच्यावर खेकसले, बंद केला तर का बंद केला म्हणून खेकसले. तो बिचारा सकाळी लवकर कॉलेजला जायला लागला. आई राहिली होती, ती माझ्यामागे स्टूल टाकून कोथिंबीर निवडत बसायची आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "ताप किती हाय आता?"

"ब्याण्णव."

"अगं बाई! मग जरा हळू चालव की त्याला. मारशील का आता?"

मी वेग उतरवला. पुन्हा पडदा काळा, कार्ड पडलं. आणखी उतरवला. पडलं. मंगळवारी संध्याकाळी मी कंपनीच्या वेगावर येऊन पोहोचले होते आणि कार्ड तरीही पडत होतं. म्हणजे वाणाने ते सुधारण्याऐवजी बिघडलं होतं! बुधवारी सकाळी पडत-उठत जेमतेम निम्मी फिल्म झाली होती. मी फोन हातात घेऊन बसले. आर्किटेक्टना सांगून टाकावं, काम तिकडे जाऊ द्यावं, आणि मागोमाग मीही जावं, मान खाली घालून. खुर्ची अजून रिकामी आहे असं एक मैत्रीण म्हणालीच होती.

शेवटचं म्हणून कार्ड पुन्हा उघडलं. ठोकळा उलटा केला आणि बघतच राहिले. राखाडी पेस्टवर आण्णांचं नाव छापलेलं होतं, सरळ वाचता येईल असं. पट्टीच्या एका अंगाने अक्षरं ठोकली होती, ती दुसऱ्या अंगाने फुगून वर आली होती. उंचवटा एवढासा, नखाला लागेल न लागेल. पण तेवढ्याने अख्खा ठोकळा उचलला गेला होता आणि कार्डाच्या मुख्य चिपेला नीट टेकतच नव्हता. तीन दिवस मी मिक्सरला शिव्या घालत होते.

उपाय सोपा होता. पॉलिश पेपर घ्यायचा, पट्ट्या दोन्ही अंगांनी घासून सपाट करायच्या, कारण ठोकलेल्या अंगालाही टिंबांच्या कडा वर आल्या होत्या. तीन पट्ट्या मी घासल्या. जावयाचं नाव गेलं, आईचं गेलं, 'धोंड्याचं वाण'ही गेलं. चौथी हातात घेतली आणि हातच चालेना.

आई पदराला हात पुसत आली. मी तिला पेस्टवरचं नाव दाखवलं. तिने चष्मा लावला. "ह्यांचं नाव काय छान उठलंय गं," म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "ह्याच्यामुळं पडतंय व्हय?"

"हो."

"मग घास की."

"आई, आण्णांचं नाव आहे त्याच्यावर."

"मीच घालाया लावलंय, मला नाय ठाव?" तिने पट्टी माझ्या हातून घेतली. "भांडं लोकाच्या लग्नात जातं, ते वळखून माघारी यावं म्हून नाव घालत्यात. ही पट्टी कुठं जायचीय? तुझ्याच घरात राहनार."

ओट्याच्या सपाट काळ्या दगडावर पेपर ठेवून ती घासत बसली. आधी एक अंग, मग दुसरं. मी घासले त्याच्या दुप्पट वेळ तिने घेतला. शेवटी पदराने पुसून पट्टी माझ्यापुढे धरली. "बघ, लागतंय का काही हाताला."

मी अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. मला जे रडू फुटलं ते आवरेना.

"रड नंतर," आई म्हणाली. "आधी ते बसव."

बसवलं. ताप बहात्तरवर आला आणि तिथेच राहिला. जपून, टप्प्याटप्प्याने वेग वाढवला. या वेळी हाव केली नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला, पडदा काळा झाला नाही. शुक्रवारी सव्वाअकराला शेवटची फ्रेम आली. फिल्म पाठवली. अर्ध्या तासाने आर्किटेक्टचं उत्तर: फाटकाचा रंग बदलता येईल का, आणि सोमवारी दुसऱ्या बंगल्यासाठी याल का.

संध्याकाळी आई पिशवी भरून निघाली, पण तिचा पाय निघेना. नवरा घरी आल्यावर म्हणाली, "जावईबापू, मला लय वाईट वाटतंय. तुमचं वाण हिच्या यंत्रात गेलं, आन् त्याच्यावर तुमचं नाव बी नाय राह्यलं."

"मामी," नवरा म्हणाला, "ही परत त्या ऑफिसात गेली असती ना, तर रोज संध्याकाळी त्या साहेबांचा सगळा राग माझ्यावर निघाला असता. जन्मभर. मला पोहोचलं वाण."

आई इतकी हसली की पिशवी ठेवून तिला खाली बसावं लागलं. आण्णा गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.