मावशीची तीनकोनी शाल

अख्ख्या बीड जिल्ह्यात निरुपयोगी कामात माझ्या मावशीइतकी तरबेज बाई दुसरी नसेल. आमचं धारूर घाटावर आहे, तिथं थंडी पडते हे खरं. पण ती किती, तर आठ-पंधरा दिवस. तेवढ्यासाठी मावशी बाराही महिने लोकर विणते. मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत बसलेली असते आणि मांडीवर लोकरीचा गोळा. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या स्वेटरची कड उलटी करून बघते, "मशीनचं हाय," एवढंच बोलते आणि पुन्हा भाताकडे वळते. त्या बाईला पुढचं जेवण गोड लागत नाही. स्वतःच्या विणकामात मात्र एक टाका चुकला तरी मावशी सगळं उसवते. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिनं टोपडं विणायला घेतलं. ते पुरं झालं तेव्हा मुलगी शाळेत जात होती. टोपडं निर्दोष होतं. आम्ही ते बाहुलीला घातलं.

मग आई आजारी पडली आणि तिला भर उन्हाळ्यात हुडहुडी भरू लागली. गोधडीचं ओझं सोसेना. मावशीनं तिच्यासाठी तीनकोनी शाल विणायला घेतली. खालच्या टोकाला तीन टाके, मग दर ओळीला वाढवत वर जायचं. पाठीवर बारीक लोकर, म्हणजे वजन नको, आणि खांद्यांवर जाड, म्हणजे ऊब. सगळीभर ज्वारीच्या दाण्यांसारखा उठाव. बेत नामी होता. फक्त मावशी खांद्यापर्यंत पोचतच नव्हती. चार वेळा पाठ पुरी होत आली, चारही वेळा कुठेतरी सुलट्याच्या जागी उलटा टाका निघाला आणि शालीचा पुन्हा गोळा झाला. आई कॉटवरून बघत राहायची. बाजारातून एखादी आणतो, असं मी चिडून म्हणालो, तर मावशीनं माझ्याशी तीन दिवस अबोला धरला आणि त्या तीन दिवसांत पाचव्यांदा उसवली.

शेवटी आईच तिला म्हणाली, "अगं, पाठीवरचं मला दिसतंय का? दे की आता."

"मला दिसतंय ना, अक्का."

"तू लई दिवस बघशील. माझं तसं न्हाई."

मावशीनं सुया पुन्हा हातात घेतल्या. आठवड्याभरात शाल आली, मधली एक अख्खी ओळ चुकलेली. लोकरीचं शेवटचं टोक तिनं मुद्दाम सुटं ठेवलं होतं. हुडहुडी थांबली की शाल परत द्यायची, मी उसवून नीट करते, असं तिनं आईकडून कबूल करून घेतलं. आईनं हसून मान हलवली आणि अकरा दिवस ती शाल खांद्यावरून उतरू दिली नाही.

दहावा झाल्यावर आम्ही आईच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होतो. मावशीनं त्यातून शाल ओढून घेतली. मला तिचा मनापासून राग आला; निदान आज तरी उसवायला बसू नये. ती दाराशी उजेडात बसली, चुकलेली ओळ शोधून तिच्यावरून बोट फिरवलं. मग ते सुटं टोक सुईत ओवलं, कडेच्या टाक्यांतून आत-आत नेलं, गाठ मारली आणि उरलेली लोकर दातानं तोडली. शाल मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. मावशीचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.