अस्वलबाईंचं टपाल

अंगाने चिमणीएवढ्या, आवाज त्याहून बारीक, आणि सगळं गाव त्यांना म्हणायचं अस्वलबाई. राखीव जंगलाच्या कचेरीत तळमजल्यावर, झाडू-बादल्यांच्या खोलीला लागून त्यांची टपालखोली होती. एक टेबल, एक खिडकी, खिडकीतून दिसणारा गाड्यांचा तळ आणि भिंतीलगत पत्रांनी भरलेली खोकी. आता ही पत्रं साहेबांना आली असतील असं कुणाला वाटेल. साहेबांना कोण पत्र लिहितो? पत्रं यायची अस्वलाला.

अस्वलाचं नाव ढब्बी. नाव लोकांनीच ठेवलेलं. थंडी पडायच्या आधी ती इतकं खाऊन घ्यायची, की चालताना पोट जमिनीला टेकायचं. तसा एक फोटो पेपरात छापून आला आणि लोक तिच्या मागे वेडे झाले. पुढे अर्धं जंगल दगडखाणीला द्यायचं घाटत होतं, तेव्हा याच लोकांनी ढब्बीच्या नावाने पोती भरून सह्या गोळा केल्या. खाणवाले हात चोळत परत गेले. तीस वर्षं अहवाल लिहून कचेरीला जे जमलं नव्हतं, ते या बयेने नुसतं खाऊन करून दाखवलं.

तेव्हापासून पत्रांचा ओघ. उत्तर कुणीतरी द्यायला हवं म्हणून ते काम बाईंच्या गळ्यात पडलं, आणि बाईंनी त्याला असा जीव लावला की अकरा वर्षं एकही पत्र बिनउत्तराचं राहिलं नाही. सगळं स्वतःच्या गोल, टपोऱ्या अक्षरात आणि ढब्बीच्या तोंडून. ‘तू दात घासत नाहीस हे कळलं. मीसुद्धा घासत नाही, पण मला शाळेत कुणाशेजारी बसायचं नसतं.’ खाली सहीच्या जागी पंजाचा शिक्का. तो बाईंच्या धाकट्या भावाने जुन्या बुटाच्या टाचेतून चाकूने कोरून दिला होता. त्यात एक बोट उगाच जाड झालं होतं.

नियम एकच होता, टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलेला: ढब्बी कुठे असते ते लिहायचं नाही. एका बड्या साहेबांच्या बायकोलाही बाईंनी ‘मी सध्या फिरतीवर आहे’ असं कळवून टाकलं होतं.

बाईंना मात्र ती कुठे असते ते नेमकं ठाऊक असायचं. भाऊ वनरक्षक. लग्न केलं नव्हतं. बाईंचे यजमान वारल्यापासून दर रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला यायचा. एरवी घुमा, पण ढब्बीचा विषय निघाला की सुटायचा. आज कुठे दिसली, पिल्लाला कशी चापट मारली, कुठली रानफळं ओरबाडली. बाई ते सगळं पोटात ठेवायच्या.

मग त्या नऊ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं. ती दर आठवड्याला लिहायची, पण या वेळी अक्षर वाकडंतिकडं होतं. ‘आजोबा आता फार दिवस नाहीत असं आई दारामागे बोलत होती. त्यांना तुला एकदा बघायचंय. त्यांना चालता येत नाही. गाडीतून दिसशील का? कुठे?’

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या आजारात यजमान म्हणाले होते, मला एकदा नदीवर ने. बाई म्हणाल्या होत्या, बरे व्हा, मग जाऊ. ते ‘मग’ आलंच नाही. बाईंनी भिंतीकडे न बघता लिहिलं, ‘दुसऱ्या पुलापाशी, सकाळी आठला, डाव्या हाताच्या झुडपांत. पिल्लूही असतं. कुणाला सांगू नकोस.’ आणि शिक्का मारला.

आजोबांना ढब्बी दिसली. ते टोपी काढून हसले, असं मुलीने कळवलं. ते पत्र बाई पर्समध्ये घेऊन फिरत होत्या.

पण ज्या काकाने गाडी चालवली होती, त्याने बाईंच्या पत्राचा फोटो काढला, शिक्क्यासकट, आणि मोबाइलवरून चार मित्रांना पाठवला. चाराचे चार हजार व्हायला कितीसा वेळ लागतो? आठ दिवसांत दुसऱ्या पुलावर गाड्यांची रांग. शिव्या घालाव्यात असा एक वाईट माणूस त्यात सापडेल तर शपथ! सगळे प्रेमानेच आलेले. कुणी पाव आणला, कुणी बिस्किटं, एका बाईने मधाची बाटली. वनरक्षकांनी ओरडून ओरडून घसे बसवून घेतले. ढब्बीला एवढंच कळलं, की गाडी थांबली की खायला मिळतं. सातव्या आठवड्यात तिने एका उघड्या काचेतून पंजा आत घातला. आत पावाची पिशवी होती, आणि पिशवी धरलेला हात होता. हात कोपरापर्यंत फाटला.

वरून हुकूम आला. सगळ्यांत चांगला नेम भावाचा होता, आणि ढब्बी त्यालाच जवळ येऊ द्यायची.

त्या रविवारी तो आला आणि मोरीत बराच वेळ हात धूत राहिला. “झालं,” एवढंच म्हणाला. खाली मान घालून भात जेवला. पत्राचा तो फोटो गावात कुणी बघितला नव्हता असं नाही. अक्षर बहिणीचं, शिक्का त्याच्याच हातचा. तरी त्याने तोंडातून ब्र काढला नाही. ना त्या रविवारी, ना पुढच्या. बाईही मूग गिळून बसल्या. भित्रेपणाच तो, दुसरं काय म्हणायचं त्याला?

आता खोक्यांना खोली पुरेना. वरून छापील कागद आले: ‘ढब्बी दूरच्या डोंगरात विश्रांतीला गेली आहे. जंगलावरचं आपलं प्रेम असंच राहू द्या.’ बाई आठवडाभर त्यांवर पंजे उमटवत होत्या. मग त्या मुलीचं पत्र आलं. पाकिटावर पत्ता होता, ‘ढब्बीच्या जागी जे कुणी असेल त्यांना’.

‘ढब्बी आमच्यामुळे मेली का? काका म्हणतो नाही. आजोबा गेले, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. तुम्ही खरं सांगा. आणि पिल्लू कुठे आहे?’

रविवारी सकाळी बाई घरच्या टेबलावर लिहायला बसल्या. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, ‘तुझ्यामुळे नाही. जागा सांगायची नाही हा माझा नियम होता, तुझा नाही. तो मी मोडला. तुझे आजोबा हसले, याचा मला आनंद झाला होता आणि अजूनही होतो. पण ढब्बी माझ्यामुळे गेली. पिल्लाचं मला माहीत नाही.’ खाली शिक्का मारला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं.

भाऊ आला तेव्हा त्याच्या ताटाशेजारी तो कागद ठेवला. त्याने उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ताई.”

“मग बोलला का नाहीस? चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास.”

“बोललो असतो, तर रविवारचं जेवायला कुठे गेलो असतो?”

बाईंनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस अडलेलं रडू आलं, मोठ्याने, त्यांच्या त्या बारीक आवाजात. भाऊ समोरचं ताट उगाच सारखं करत बसला. त्या शांत झाल्यावर म्हणाला, “पिल्लू काल दिसलं मला. एकटंच आहे, पण चांगलं खातंय. आपल्या त्या वरच्या…”

बाईंनी पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“कुठे ते मला सांगू नकोस.”

त्याने मान हलवली. बाईंनी कागद पुढे ओढला, शेवटची ओळ खोडली आणि तिच्या खाली लिहिलं, ‘पिल्लू जिवंत आहे.’ मग पाकीट चिकटवलं आणि भावाला भात वाढला.